हाताला न लागणाऱ्या बारा गोष्टी

१२ फेब्रुवारी

दादा,

अक्षर ओळखलं असशीलच. नसेल ओळखलं तर खाली सही बघ. त्या नावाने मला हाक मारणारा आता तू एकटाच उरला आहेस. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता तर तू दोनदा ‘हं’ म्हणून ठेवून दिला असतास. पत्र बाजूला टाकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

सांगायचं ते असं की काल मी करवत विकत घेतली. विजेवर चालणारी, बारीक पात्याची, नक्षी कापायची. दुकानात तिला स्क्रोल सॉ म्हणतात. शिलाई मशीनच्या शेजारी कापडाचं कपाट होतं, ते हलवून तिथे तिची जागा केली आहे. सकाळपासून मी तिच्याभोवतीच घुटमळते आहे. तुझे मेहुणे म्हणाले, लग्नाच्या दिवशीही तू एवढी खूश दिसली नव्हतीस. ते खरं आहे.

आता एवढं काय अडलं होतं ते ऐक. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक शाळा आहे, ज्यांना दिसत नाही अशा मुलांची. त्यांचे गणवेश सात वर्षं मीच शिवते. गेल्या महिन्यात मापं घ्यायला गेले होते. तिथे एक नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या बाई तिला चौकशीबाई म्हणतात. मी तिच्या खांद्याचं माप घेत होते तर म्हणाली, “मावशी, ज्योत कशी असते?”

मी म्हटलं, “गरम असते.”

“ते माहीत आहे मला. आकाराने कशी असते?”

मी हवेत बोटाने ज्योत काढून दाखवली, आणि अर्धी काढल्यावर लक्षात आलं की आपण हे कोणाला दाखवतो आहोत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या. त्यांनी तिथल्या तिथे मुलांकडून यादी करून घेतली: ज्यांना कधी हात लावून बघता येणार नाही अशा बारा गोष्टी. ज्योत, ढग, चंद्रकोर, वीज, विमान, डोंगर, लाट, देवमासा, मगर, उडणारा पक्षी, कारंजं, धूर. मी घरी येऊन फेल्टच्या जाड कापडातून ज्योत कापली आणि नेऊन दिली. पोरीने ती टेबलावर उभी करायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “ही तर झोपली.” म्हणून लाकूड. आणि चौकशीबाई मार्चअखेर ही शाळा सोडून दुसऱ्या गावी मोठ्या शाळेत जाणार, म्हणून घाई.

दुकानदाराने आधी तुझ्या मेहुण्यांकडेच बघितलं. “साहेब, काय काय बनवायचा विचार आहे?” हे म्हणाले, “साहेबांना घरी जाऊन झोपायचंय. बनवणार ह्या आहेत.” मग त्याने तीन यंत्रं दाखवली. माझ्या पर्समध्ये शिवताना बोटात घालायचं टोपण असतंच. मी ते यंत्राच्या टेबलावर उभं ठेवलं आणि म्हटलं, सुरू करा. पहिल्या यंत्रावर टोपण चालत चालत कडेला गेलं आणि खाली पडलं. दुसऱ्यावर ते जागच्या जागी थरथरलं, पण उभं राहिलं. तिसरं इतकं मोठं होतं की ते घरात घ्यायला भिंत पाडावी लागली असती. त्या पहिल्यात आणखी एक खोट. त्याला फक्त टोकाला आडवी पिन असलेली पाती लागतात. आतली नक्षी कापायची तर भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, आणि पिन जाईल एवढं भोक म्हणजे काजाच्या जागी खिसाच झाला. दुसऱ्याला साधी पाती चालतात, अगदी सुईएवढ्या भोकातून जाणारी. वेग कमीजास्त करायला गोल बटण आहे. पातं ओवायला वरची दांडी उचलता येते. दुसरंच घेतलं.

दुकानदाराने विचारलं, “ताई, याआधी लाकूड कापलंय कधी?”

मी नाही म्हटलं.

बरं, उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. पण हे सगळं कळेल असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी टाचणी


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. ते धरूनच चालले होते, तरी पोस्टमन दिसला की दारात जाते.

यंत्र बसवलं. आधी कापड बेतायच्या टेबलावर ठेवलं तर यंत्रासोबत टेबल, टेबलासोबत खिडकी, आणि खिडकीसोबत शेजारीण, असं सगळंच हलायला लागलं. मग जाड फळी आणली, खाली रबराचं जाड पायपुसणं घातलं, आणि चारही पायांना बोल्ट मारून आवळून टाकलं. बोल्ट मीच मारले. आता ते मांजरासारखं नुसतं गुरगुरतं. उंचीही माझ्या कोपराला बरोबर आणली, नाहीतर मान धरते. हे ज्ञान शिलाईतलं.

माहितीपुस्तिका तुझ्या मेहुण्यांनी ताब्यात घेतली आहे. माणूस तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होता, लाल पेन घेतल्याशिवाय त्याला काही वाचताच येत नाही. आतापर्यंत अकरा चुका काढल्या आहेत. मला मोठ्याने वाचून दाखवतात: “पात्याचा ताण योग्य ठेवावा. इथे ‘योग्य’मधला ‘ग’ अर्धा हवा.” अहो, पण योग्य म्हणजे किती? ते पुस्तिकेत नाही. मी पातं बोटाने छेडून बघितलं. सैल असलं की बद्द वाजतं, आवळलं की तारेसारखं टणत्कारतं. टणत्कारेपर्यंत आवळते. बरोबर आहे ना?

पण दादा, लाकूड काही केल्या कापलं जात नाही. म्हणजे कापलं जातं, पण उड्या मारतं. पात्याला टेकवलं की वर उचललं जातं आणि टेबलावर आपटतं, टकटकटकटक, जणू आतून कोणी दार वाजवतंय. वरून दाबून धरणारा पाय खाली केला, तो मशीनच्या पायासारखाच असतो, तरी तेच. वेग कमी केला, वाढवला. तीन पाती मोडली. काल ज्योत कापायला घेतली आणि मिरची तयार झाली. यादीत मिरची नाही.

पुस्तिकेतल्या चित्रात दाखवलंय तसंच पातं लावलं आहे. कुठे चुकतंय कळत नाही. चिडचिड होते, पण मजा काही कमी होत नाही. सत्तावन्न वर्षांच्या बाईला केसात भुसा घेऊन बाजारात जाताना बघून लोक वळून बघतात. बघोत.

टाचणी


२ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं.

ना वर ‘प्रिय’, ना खाली सही. मधे फक्त नऊ शब्द. “लाकूड उडतंय म्हणजे पातं उलटं आहे. दात खाली हवेत.”

मी दारातच उभी राहून ते चारदा वाचलं. पोस्टमनने विचारलं, “सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “दात खाली हवेत.” तो बिचारा पुढच्या दाराकडे वळला.

चष्मा लावून बघितलं तर खरंच. दात इतके बारीक की नजरेला दिसत नाहीत, पण पातं नीट लावलं असेल तर बोट खालून वर ओढलं की अडकतं. माझं नेमकं उलट होतं. पातं वर जाताना कापत होतं आणि लाकडाला सोबत घेऊन जात होतं. आणि पुस्तिकेतलं चित्रच उलटं छापलं आहे. मी ते यांच्यापुढे धरलं. उलटसुलट फिरवून बघितलं आणि म्हणाले, “मी मजकूर तपासतो. चित्र वेगळा माणूस तपासायचा.” त्या दिवसापासून लाल पेन खिशातच आहे.

पातं फिरवलं, आवळलं, छेडलं, आणि लाकूड पुढे केलं. दादा, लोण्यात जावं तसं गेलं. मला रडू येईल असं वाटलं, पण नाकातोंडावर फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे शिंकच आली.

पुढचं मात्र मी माझं मी शोधलं, ते ऐक. कापलेल्या कडा किंचित तिरक्या येत होत्या. म्हणजे टेबल आणि पातं काटकोनात नव्हती. काटकोन बघायला गुण्या लावला तर वाटायचं बरोबर आहे, पण पातं एवढं बारीक की नजर फसते. मग एक जाड ठोकळा घेतला, त्याला समोरून थोडा काप दिला, यंत्र बंद केलं, आणि ठोकळा फिरवून तोच काप पात्याला मागच्या बाजूने लावून बघितला. टेबल सरळ असतं तर पातं अलगद कापात शिरलं असतं. नाही शिरलं. टेबल केसभर झुकवलं, पुन्हा काप, पुन्हा मागून. पाचव्या खेपेला पातं असं शिरलं की जणू तिथेच राहत होतं. बाबांनी हे बघायला हवं होतं.

आणि एक. पातं सरळ जात नाही, ते थोडं उजवीकडे ओढतं. म्हणून लाकूड जरा वाकडं धरून पुढे न्यायचं. सुरुवातीला वाटलं, माझाच हात वाकडा. आता सवय झाली. ढकलायचं नाही, नुसतं वळवायचं; गळ्याची गोलाई शिवताना कापड वळवतो तसं. चाळीस वर्षं मी याच कामाची तयारी करत होते की काय, कोण जाणे.

ज्योत झाली. ढग झाला. चंद्रकोर झाली. नऊ राहिल्या.

तू उत्तर दिलंस, म्हणून आता मला एक गोष्ट लिहावी लागणार. आज नाही. आज मी फार आनंदात आहे.

टाचणी


८ मार्च

दादा,

विमान, डोंगर, लाट आणि मगर झाली. मगरीचे दात कापताना जीव गेला. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तुला मगरीत रस राहणार नाही.

दुकानदाराला मी खोटं सांगितलं. मी याआधी लाकूड कापलं होतं. एकदाच.

ती आरशाची चौकट आठवते तुला? कशी नसणार. बाबा नऊ दिवस तिच्यावर बसले होते. वेलाची जाळी, पानापानाला शिरा, सगळं कमानीच्या हातकरवतीने. एका कोपऱ्यातली चार पानं फक्त उरली होती. बाबा गिऱ्हाइकाकडे काच मापायला गेले, आई झोपली होती, तू वखारीत. मी सोळा वर्षांची. मला रोज त्या सुतारकामाच्या बाकाजवळून हाकललं जायचं, कधी बाबा, कधी तू. “टाचणे, बोट जाईल.” मला फक्त एक पान कापून बघायचं होतं. एक पान, त्यांना कळणारही नाही असं. ते छान कापलं गेलं, दादा. खरंच छान. म्हणून दुसरं घेतलं. पातं ओढलं गेलं, मी सरळ करायला गेले, आणि वेलाचा देठच तुटला. तो झाकायला आणखी कापलं. मग कोपराच निखळून हातात आला.

मी करवत जागेवर ठेवली आणि बाहेर जाऊन कपडे वाळत घालत बसले.

बाबांनी तुला विचारलं आणि तू काही बोलला नाहीस. मी दाराआड उभी होते. ते म्हणाले, “ज्याला खरं बोलता येत नाही त्याने या बाकाला हात लावू नये.” मला वाटलं, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी तू घर सोडलंस. मग वाटलं, परत आला की सांगू. तू पाव्हण्यासारखा यायचास, दोन दिवस राहायचास, आणि बाबा तुझ्याशी हवापाण्याच्या पुढे कधी गेले नाहीत. तीस वर्षं मी हे बघत होते.

आणि बाबा गेले तेव्हा तू स्वयंपाकघरात ताटं पुसता पुसता मला विचारलंस, “त्या चौकटीचं तुला काय वाटतं गं?” मी म्हटलं, “जुनं उकरून काय मिळणार आहे?” तू हातातलं ताट ठेवलंस. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलास, तो गेलासच.

ती मी कापली. मी. हे एवढं वाक्य लिहायला मला एक्केचाळीस वर्षं लागली, आणि आता लिहून झाल्यावर दिसतं की ते केवढंसं आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझ्यावर काम टाकल्यासारखं होईल. वाचलंस एवढं पुरे.

टाचणी


१९ मार्च

दादा,

पत्र मिळालं. पाच ओळी. तुझं उत्तर येईल की नाही या विचाराने मी आठ दिवस पोस्टमनशी नीट बोलतसुद्धा नव्हते, आणि तू लिहितोस काय?

“तुझ्या वेणीत भुसा होता. मला त्याच दिवशी कळलं. मला घर सोडायचंच होतं, कामाचं बोलावणं महिनाभर खिशात होतं, बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती. तुझी चूक माझ्या सोयीची झाली. स्वयंपाकघरात विचारलं ते तू बोललीस तर मलाही बोलता येईल म्हणून.”

हे वाचून मी काय केलं सांगू? पत्र टेबलावर आपटलं आणि यंत्र सुरू केलं. देवमासा कापायला घेतला. अर्ध्या तासात चार पाती मोडली. रागात करवत चालवू नये, हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही, ते छापायला हवं. तुझे मेहुणे दारात येऊन म्हणाले, “देवमाशाने काय केलंय तुझं?” मी त्यांच्यापुढे पत्र टाकलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, “एकही चूक नाही.” मग मला हसू फुटलं. हसता हसता मी खाली बसले, भुशात.

एक्केचाळीस वर्षं, दादा. मी तुला वनवासात धाडलं असं समजून मी प्रत्येक वेळी तुझ्या ताटात जास्तीचं वाढायचे. आणि तू खिशात बोलावणं घेऊन, तोंड पाडून निघालास. माझ्यापेक्षा तू बरा नाहीस. हे किती बरं वाटतंय ते तुला कळणार नाही.

पण बाबांचं राहिलंच. आपण दोघांनी मिळून त्यांना एक खोटा मुलगा दिला, आणि ते शेवटपर्यंत त्याच्यावर रागावून राहिले. ते आता कुठे नेऊन बसवायचं, मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही. नसेल तर दोघांनी मिळून बाळगू.

देवमासा दुसऱ्या दिवशी पुन्हा कापला. पोट फारच सुंदर आलं आहे. तीन राहिल्या: वीज, कारंजं, धूर. पक्षी कालच झाला. धुराचा आकार नक्की कसा धरायचा यावर घरात दोन दिवस वाद चालू आहे.

तुझी (अजून थोडी रागावलेली) टाचणी


३० मार्च

दादा,

दिल्या. बाराच्या बारा. परवा सकाळी.

टेबलाभोवती अकरा मुलं होती आणि बारा लाकडं. पहिली दोन मिनिटं नुसता बोटांचा आवाज. कडा काचकागदाने इतक्या घासल्या होत्या की एक मुलगा देवमासा गालाला लावून बसला. ढग हातात घेतलेली मुलगी म्हणाली, “ढग मऊ असतो ना?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मलाही माहीत नाही. मीही हात लावलेला नाही.” हे मुलांना फार आवडलं. या एका बाबतीत आम्ही सगळे सारखे.

चौकशीबाईने ज्योत घेतली. बुडापासून वर बोट नेलं, आतल्या छोट्या ज्योतीच्या भोकातून आत घातलं, पुन्हा वर. टोकाशी पोचल्यावर थांबली. म्हणाली, “इथे संपते?”

“हो.”

“मला वाटायचं, ती खोलीभर असते. तिची ऊब सगळीकडे लागते ना.” मग बराच वेळ ती टोकावर बोट ठेवून होती. “एवढीशीच आहे,” म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. वाईट वाटलं नव्हतं तिला. आपल्याला वाटत होतं त्याहून कोणीतरी लहान निघालं की आपण त्याच्याशी जरा प्रेमाने बोलतो, तसं काहीतरी. ज्योत बाईंनी तिला नव्या शाळेत न्यायला दिली. मी दुसरी कापून देईन.

धूर कोणालाच ओळखता आला नाही. त्यावर आमच्या घरात आता वाद उरलेला नाही.

आता मुद्द्याचं. बाईंनी पुढचं काम सांगितलं आहे, आणि ते माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. जूनमध्ये नवी मुलं येतात आणि पहिले दोन महिने शाळेत हरवतात. त्यांना अख्ख्या शाळेचा लाकडी नकाशा हवा आहे, टेबलाएवढा. प्रत्येक वर्ग वेगळा तुकडा, काढून पुन्हा बसवता येईल असा. जिने, फाटक, नळ, अंगणातलं झाड, सगळं बोटाला कळेल असं. जाड लाकूड, पन्नासेक तुकडे, आणि एक तुकडा केसभर चुकला तर पुढचे सगळे बसणार नाहीत. मला जाड लाकडातला अनुभव नाही. तुला आहे. वहिनीने परवा फोनवर सांगितलं की निवृत्त झाल्यापासून तू घरातली दारं उगाच काढून पुन्हा बसवतोस. (हो, वहिनीचा फोन आला होता. तुला माहीत नव्हतं? मग आता आहे.)

तेव्हा ये. महिनाभर तरी. पण आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुरकुर नको. यंत्र माझं आहे. वेग मी ठरवणार, पातं मी लावणार, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. “टाचणे, बोट जाईल” हे वाक्य या खोलीत चालणार नाही. तुझा स्वतःचा चष्मा आण, माझा तुला लागत नाही. स्टँडवरून दोन नंबरची बस घे आणि शाळेच्या थांब्यावर उतर. मी उभी असेन. केस सगळे पांढरे झाले आहेत. भुसा आहे असं समजू नकोस.

आणि संध्याकाळी झाडू तू मारायचास. बाबांकडे ते काम नव्या माणसाचं असायचं.

टाचणी